लोकर धुण्याचा रविवार

आमच्या आईचं एक ठाम मत आहे. पुण्यात थंडी पडते ती फक्त स्वेटर माळ्यावरून काढायला आणि परत ठेवायला. मधले चार दिवस लोक कानटोप्या घालून "यंदा काही खरं नाही" म्हणत फिरतात, आणि रथसप्तमी झाली की दुपारचा पंखा लागतो. मग घरातली सगळी लोकर धुवायची, सावलीत वाळवायची, वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घालून जुन्या सुती साडीत बांधायची आणि माळ्यावर टाकायची. न धुता ठेवलेल्या लोकरीला कसर लागते. मी शाळेत होते तेव्हापासून आई कर्वेनगरच्या त्याच घरात हे काम करते आहे, आणि आजवर तिने त्यात कुणाला हात घालू दिलेला नाही. मी पन्नाशी ओलांडली, तरी माझी नेमणूक बादली भरून देण्यापुरतीच.

यंदा मात्र त्या धुण्यावर आईचं घर ठरणार होतं. म्हणजे मीच तसं ठरवून बसले होते.

झालं होतं असं. आई भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि स्वारगेटला पोचली. भाजीवाला आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर बसतो, स्वारगेट कुठल्या कुठे. ती बसमध्ये का चढली, हे तिलाही सांगता आलं नाही. स्टँडवरच्या बाकावर रिकामी पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली. कॉलेजातल्या कुठल्याशा मुलीने विचारपूस केली, पर्समधल्या आधार कार्डावरचा पत्ता वाचला आणि तिला रिक्षात बसवून दिलं. आई घरी आली, चहा करून प्यायली. रिक्षावाल्याकडून सगळं कळल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, तर म्हणाली, "स्वारगेटला भाजी ताजी मिळते." पिशवीत भाजीची काडी नव्हती. काकूंनी हे सगळं मला सांगायचं सोडून बंगळूरला दादाला फोन करून सांगितलं. मी याच गावात राहते, दर दोन-तीन दिवसांनी येऊन जाते, आणि बातमी मला बंगळूरमार्गे कळली. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

दादा माझ्याहून मोठा. त्याला निर्णय घ्यायची सवय आहे. ऑफिसात दिवसभर घेतो, मग घरी आल्यावरही हात थांबत नाही. त्याने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की आईला आता एकटं ठेवायचं नाही, ती बंगळूरला येईल. बंगळूरचं घर अकराव्या मजल्यावर. दादा-वहिनी दिवसभर बाहेर. आईच्या सोबतीला एक बाई ठेवणार, जिला मराठी येत नाही, आणि आईला मराठीशिवाय काही येत नाही. तिथे आई सुरक्षित राहील, हे मला कळत होतं. तिथे ती बोलेल कुणाशी, हे मात्र त्याला कळत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "मग तू ने तुझ्याकडे." तिथे माझं तोंड बंद झालं. माझं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खोल्या दोन, आणि त्यातल्या एकीत माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आईला आणते म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

फोनवर भांडून भांडून शेवटी तोच दमला. म्हणाला, "ठीक आहे. तू शनिवार-रविवार तिच्याजवळ राहा. नीट बघ तिच्याकडे. मी रविवारी येतो. ती एकटी राहू शकते असं तू शपथेवर सांगितलंस, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पण खरं सांगायचं." सोमवारच्या विमानाची दोन तिकिटं त्याने आधीच काढून ठेवली होती, ती गोष्ट वेगळी.

म्हणून मी डाव टाकला. रथसप्तमी नुकतीच झाली होती. मी आईला म्हटलं, "या रविवारी लोकर धुवून टाकू." माझा हिशेब सरळ होता. आई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. लोकर तिच्या डोक्यात नाही, हातात आहे. भाजीचा रस्ता ती विसरेल, पण लोकरीत तिचे हात चुकणार नाहीत. दादाने येऊन डोळ्यांनी बघावं आणि मुकाट्याने परत जावं.

शनिवारी संध्याकाळी मी पोचले, तर आईने दार उघडून मला नखशिखान्त न्याहाळलं. "राहायला आलीस? सासूबाईंचं कोण बघतंय?"

"हे आहेत ना घरी."

"अरे वा. जावईबापूंना रजा मिळाली म्हणजे काहीतरी मोठंच असणार." आणि ती आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले ती ओट्यावर नजर टाकत. लोकर धुवायची तर आदल्या संध्याकाळी रिठे भिजत घालावे लागतात. नाही घातले, तर पहिल्याच प्रश्नाला भोपळा. ओट्यावर पातेलं नव्हतं. बेसिनपाशी नव्हतं. आठवण करावी की न करावी? करून दिली, तर मग ती परीक्षा कसली. मी उगाच डबे सरकवत राहिले. आई चहाचं आधण ठेवत म्हणाली, "गॅलरीत आहेत. इथे ठेवले तर तू चहात घालशील."

गॅलरीत स्टीलच्या पातेल्यात रिठे भिजत होते. वर ताटलीही झाकलेली होती. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी आईने जुनं पातळ नेसलं, पदर खोचला आणि कपाटातून लोकर काढून पलंगावर ठेवली. तिचे दोन कार्डिगन, माझा कॉलेजातला एक लाल स्वेटर, मफलर, शाली. शालींचा ढीग मोठा होता, कारण बाबा मास्तर होते आणि पुण्यात मास्तर निवृत्त झाला की मरेपर्यंत त्याच्या अंगावर शाली पडत राहतात. आईने ढीग चिवडून त्यातल्या बऱ्याच बाजूला काढल्या. "ह्या मशीनला लाव. सत्काराच्या शालीत लोकर शोधायची म्हणजे भाषणात मुद्दा शोधण्यासारखं आहे." खऱ्या लोकरीची एकच निघाली.

सगळ्यांच्या तळाशी बाबांचा बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर होता. आईने स्वतः विणलेला. तो घालून बाबा सकाळी दूध आणायला जायचे. बाबा गेले त्यालाही आता काही हिवाळे झाले. तो स्वेटर कुणी घालत नाही, कुणाला देतही नाही, पण दर वर्षी इतरांबरोबर निघतो, धुतला जातो आणि बांधून ठेवला जातो. त्याबद्दल घरात कुणी कधी काही बोललेलं नाही.

आईची धुण्याची रीत तिची स्वतःची आहे. बंद गॅलरीत एक लोखंडी खाट आहे. तिच्यावर जाड जुनी चादर ताणून घालायची. कोरडा स्वेटर त्यावर सरळ पसरायचा आणि शिंप्याच्या खडूने त्याच्या कडेकडेने रेष मारून घ्यायची. मग तो धुवायचा. ओली लोकर सैल पडते, कुठेही पसरते, कुठेही आक्रसते. ती परत त्याच रेषेत बसवून वाळवली म्हणजे माप बदलत नाही. तिच्या विद्यार्थिनींनाही ती हेच शिकवायची आणि ज्यांनी स्वेटर दोरीवर टांगले, त्यांच्या स्वेटरचे हात गुडघ्यापर्यंत आल्याच्या गोष्टी सांगून त्यांना रडवायची.

खडू तिच्या हातात होता आणि माझं सगळं लक्ष त्या हातावर. रेष खांद्यावरून निघाली, बगलेपाशी वळली, खाली आली. कुठे थरथर नाही. एक झाला की चादरीच्या दुसऱ्या बाजूला दुसरा. बाबांचा तिने सर्वांत शेवटी आखला. गळ्याच्या टोकदार खाचेपाशी ती जरा थांबली, डोळे बारीक केले आणि एका झटक्यात तो कोपरा काढला. मला टाळी वाजवावीशी वाटली.

"बघतेस काय अशी?" ती म्हणाली. "मी खडू खाईन असं वाटलं का तुला?"

"नाही गं. छान आखतेस."

"छान? मी पोटापाण्यासाठी आखलंय आयुष्यभर. जा, टब ठेव न्हाणीघरात."

न्हाणीघरात तिने गीझरचा नळ सोडला. नुसत्या गरमाचा. टबमधून वाफ यायला लागली. ऊन पाण्यात लोकर गेली की ती आटते आणि गोधडीसारखी घट्ट होऊन बसते, हे मला ठाऊक होतं, तिला तर होतंच. रिठ्याचं फेसाळ पाणी तिने फडक्यातून गाळून त्यात ओतलं. माझा लाल स्वेटर उचलला. वाफ येतच होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझा स्वेटर वाया गेला तर गेला, मी मनात म्हणत होते, पण दादा यायच्या आत जाऊ दे, म्हणजे लपवता तरी येईल. देव पाण्यात घालून बसावं तशी मी त्या टबपाशी बसले होते.

आईने स्वेटर परत बाजूला ठेवला, थंड नळ सोडला, पाणी हाताने ढवळलं आणि मनगटाची आतली बाजू त्यात बुडवून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता श्वास सोड."

मला हसू आलं आणि रडूही. तिला सगळं कळत होतं. ती परीक्षेला बसली आहे हे तिला माहीत होतं आणि तरी ती बसली होती.

पुढचं मी आजवर पाहत आले तसंच झालं. चोळायचं नाही, घासायचं नाही. पाण्यात दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. काढताना दोन्ही हात खाली घालून उचलायचं, न्हाऊ घातलेलं बाळ उचलतात तसं. मग दुसऱ्या पाण्यात. हे दुसरं पाणीही तितकंच कोमट हवं, पहिलं कोमट आणि दुसरं गार झालं तरी लोकर दचकते, हा तिचा शब्द. एकेक कपडा होऊन गॅलरीतल्या खाटेवर जात होता. खालच्या मजल्यावरच्या काकांनी खिडकीतून ओरडून गॅलरीतून पाणी गळत असल्याचं कळवलं, आणि आईने वरून ओरडून त्यांना कळवलं की गळतंय ते पाणीच आहे, काळजी नसावी.

मग ते झालं. शेवटच्या पाण्यातून तिने शाल वर काढली, हातांवर धरली आणि ती तशीच उभी राहिली. शालीतून पाण्याची धार टबमध्ये पडत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, शालीकडेही बघत नव्हती. समोरच्या फरशीकडे बघत होती. धार बारीक झाली, थेंब पडायला लागले, तरी ती तशीच.

"आता काय करायचं असतं?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

शेजारी स्टुलावर जाड टॉवेल घडी करून ठेवला होता, तिनेच ठेवला होता. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं. मी टॉवेल उचलून नुसता तिच्यासमोर पसरला. तिने त्याच्याकडे पाहिलं, "हां" म्हणाली, शाल त्यावर घातली आणि सफाईने वळकटी करायला लागली. पुढचं सगळं बिनचूक.

हे दादाला सांगायचं का? मी स्वतःलाच समजावलं की नाही. अहो, आपणही फ्रीज उघडतो आणि काय घ्यायला आलो ते विसरतो. मी स्वतः ऑफिसात पासवर्ड विसरते. याला काय विसरणं म्हणायचं? पण पुढचा टॉवेल मी आधीच उलगडून तिच्या हाताशी ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. दादा. हातात बॅग नव्हती, ती त्याने सासुरवाडीला ठेवली होती. त्याची सासुरवाडी येरवड्याची. "येरवड्याहून सुटून आलो" हा विनोद तो लग्न झाल्यापासून करतो आहे, आणि आज त्याने तो केला नाही, यावरूनच मला त्याचा मूड कळला. त्याने माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी मान हलवली, सगळं ठीक. तो विश्वास न ठेवल्यासारखा न्हाणीघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, कशाला हे सगळं या वयात? मशीनला हल्ली लोकरीचा वेगळा प्रोग्रॅम असतो. बटण दाबायचं फक्त."

"हो का? मग तुझे स्वेटर कोण धुतं?"

"मशीनच धुतं."

"आणि गेल्या खेपेला अंगात घालून आला होतास तो कुणाच्या मापाचा होता? पोट झाकेना तुझं." दादाने नकळत शर्ट खाली ओढला. मी वळून नळ बंद करायचं निमित्त केलं, कारण मला हसू आवरेना. आईने बाबांचा स्वेटर कोमट पाण्यातून काढून टॉवेलवर ठेवला, वळकटी केली आणि ती वळकटी फरशीवर ठेवून दादाला म्हणाली, "चप्पल काढ. पँट वर कर. उभा राहा यावर."

"मी?"

"वजन वाढवलंयस एवढं, कधी तरी कामाला येऊ दे."

आणि आमचा दादा, ज्याच्या हाताखाली म्हणे पन्नास माणसं काम करतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टॉवेलवर उभा राहिला आणि आई सांगेल तसा पावलं टाकायला लागला. "नाचू नकोस. दाब. टाच नाही, चवडा." टॉवेलातून पाणी बाहेर येत होतं. त्याला हसू आलं. आईही हसली. मी पण. कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं एका जागी हसलो असू. मला वाटलं, जिंकलो. मी मनात वाक्यही जुळवलं: बघितलंस ना? आता ती दोन तिकिटं फाडून टाक.

आम्ही सगळे गॅलरीत आलो. मी पंखा लावला. खाटेवर एकेक कपडा आपापल्या रेषेत जाऊन बसला होता, शाल खुर्चीवर सपाट पसरली होती. आता फक्त बाबांचा स्वेटर राहिला होता. आईने तो दोन्ही हातांवर घेऊन आणला, खडूच्या रेषेत ठेवला आणि बोटांच्या टोकांनी बसवायला लागली. खांदे बसले. गळ्याची खाच बसली. खालची पट्टी तिने हलकेच सरळ केली. मग दोन्ही बाजू तिने आत ढकलल्या. चांगल्या दोन-दोन बोटं. पांढरी रेष दोन्हीकडे उघडी पडली.

मला वाटलं, तिला दिसलं नसेल. चष्मा ओला झाला असेल. "आई, बाजू आत गेल्यात," मी म्हटलं. "रेष बाहेर दिसतेय."

"दिसू दे. मुद्दाम घेतल्यात आत."

"का गं?"

एवढं एक मी विचारलं नसतं तर.

"अगं, किती उतरलेत हे हल्ली," आई म्हणाली. ती अजून स्वेटरच नीट करत होती. "मागच्या मापाने वाळवला तर अंगात घोळेल त्यांच्या. आणि मग चारचौघांत सांगत फिरतील, बाईंना स्वतःच्या नवऱ्याचं माप येत नाही म्हणून."

आणि ती हसली, नवऱ्याच्या खोडीवर बायको हसते तशी, लाडाने.

मी दादाकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, तरी पाहिलं, कारण मला त्याच्या चेहऱ्यावरचं "सांगत नव्हतो का" बघायचं होतं आणि त्यावर तुटून पडायचं होतं. तसं काहीच नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर. तो दारात उभा होता, पँट अजून गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पावलं ओली, आणि डोळ्यांत पाणी भरलेलं. भांडायचं कुणाशी, हेच मला कळेना. इतके दिवस मी त्याच्याशी भांडत होते म्हणून उभी होते.

आईच्या लक्षात आलं की कुणी हसत नाहीये. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. तिचा हात स्वेटरवर तसाच होता.

"काय झालं? मी काही बोलले का?"

"नाही गं," दादा म्हणाला. "काही नाही."

चाळीस-चाळीस पोरींच्या थापा ऐकण्यात जिची नोकरी गेली, तिला असं फसवता येत नाही. तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "तू सांग."

मला खोटं बोलायचं होतं. तोंडातून खरं बाहेर पडलं. "आई, बाबा गेले ना."

तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. मग ती म्हणाली, "हो. गेले. माहीत आहे मला." तिने मान खाली घातली आणि स्वेटरच्या बाजू परत बाहेर ओढायला लागली. हळूहळू, चिमटीने, आधी डावी, मग उजवी, लोकर रेषेला टेकेपर्यंत. ते काम संपलं तेव्हा तिने हात मागे घेतले.

"मग हा कशाला धुतला आपण?" तिने विचारलं.

ती उत्तराची वाट पाहत होती. इतकी वर्षं आपण हा का धुतो, हे आम्ही तिला विचारलं नव्हतं, आणि आता ती आम्हांला विचारत होती.

मग तिने पदराला हात पुसले. खाटेच्या कडेवर, ओलं नव्हतं तिथे, टेकली. आणि तिच्या नेहमीच्या आवाजात दादाला म्हणाली, "तिकीट कधीचं आहे?"

दादा दचकला. "तुला कुणी सांगितलं?"

"विसरायला होतं मला. बहिरी नाही झालेय. कालपासून ही बाथरूममध्ये जाऊन तुझ्याशी फोनवर कुजबुजतेय."

"उद्याचं आहे," दादा म्हणाला. त्याने खाली बघत पँटच्या दुमडी सोडल्या.

"उद्याचं नाही जमणार." तिने खाटेकडे हात केला. "हे सगळं ओलं आहे. ओली लोकर बांधली तर कुजते. वाळली की पाला घालून बांधीन, माळ्यावर टाकीन. त्यानंतर मला कुठे न्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा. तोवर मला हलवायचं नाही."

एवढं बोलून ती आत गेली आणि कुकर लावला. जेवताना आईने दादाला दोनदा भात वाढला आणि तो नको म्हणाला नाही. निघताना चपला घालता घालता त्याने मला हळूच विचारलं, "आता तू काय म्हणतेस?" मी म्हटलं, "काय म्हणू?" शपथेवर खरं सांगायचं ठरलं होतं, पण सांगण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. त्याने ऐकलं होतं, मी ऐकलं होतं. ती एकटी राहू शकत नाही. हे लिहितानाही माझा हात अडतो, पण ते तसं आहे.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला रजा कळवली आणि गॅलरीत गेले. माघातली पुण्याची हवा कशी असते ते पुण्यातल्यांना सांगायला नको. ओठ फुटतात, टाचा फुटतात. त्यात पंखा आदल्या दुपारपासून चालू. मी बाबांच्या स्वेटरला हात लावला. आधी पोटाशी, मग बगलेशी, मग खालच्या दुहेरी पट्टीत बोट घालून पाहिलं, कारण ओल राहिलीच तर तिथे राहते. कुठे काही नव्हतं. खडखडीत वाळला होता. बाकीचेही वाळले होते. आत आई पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज एका लयीत येत होता.

फोन वाजला. दादा होता. येरवड्याहूनच बोलत होता, त्याच्यामागे कुणीतरी कप ठेवल्याचा आवाज आला.

"वाळले का?" त्याने विचारलं.

मी स्वेटरवरचा हात काढला नाही. "नाही रे," मी म्हटलं. "ओल आहे अजून."

त्याच्या खिडकीबाहेरही तेच ऊन होतं. त्यालाही पुणं नवीन नव्हतं. मला वाटलं, आता तो म्हणेल, खरं सांगायचं ठरलं होतं आपलं. मी तयारच होते ऐकायला.

त्याने घसा साफ केला.

"मग उलटून ठेव सगळं," तो म्हणाला. "आणि पंखा बंद कर."